बाजारातला कॅमशाफ्ट इंजिनात बसवण्याआधी

टॅपेट (कॅमशाफ्टवर टेकून व्हॉल्व्ह उघडणारा भाग) सेट करून ट्रॅक्टर शेतात जातो आणि आठ-दहा दिवसांत त्याच सिलिंडरवर पुन्हा टकटक सुरू होते. मिस्त्री पुन्हा फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) काढतो, गॅप कमी करतो, ट्रॅक्टर परत पाठवतो. तिसऱ्या खेपेला इंजिन उघडलं जातं, तेव्हा कॅमशाफ्टच्या एका लोबचं, म्हणजे टॅपेट उचलणाऱ्या उंचवट्याचं, टोक झिजून गोल झालेलं दिसतं. शाफ्ट तर याच हंगामाच्या आधी नवीन टाकलेला असतो. दुकानदार म्हणतो ऑइल खराब होतं, मिस्त्री म्हणतो माल लोकल निघाला, आणि ऊस वाहतुकीचा भरात आलेला महिना मालकाच्या हातून निघून जातो.

दोघांपैकी कुणाचंही खरं असू शकतं. कॅमशाफ्टची अडचण हीच आहे. चांगला आणि वाईट नग शेजारी ठेवले तरी नजरेला फरक कळत नाही, आणि दोष बाहेर येतो तो इंजिन चालल्यावर. तोवर झिजलेल्या लोखंडाचा चुरा ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचलेला असतो, आणि दोष मुळात शाफ्टचा होता की फिटिंगचा, हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून तपासणी बसवण्याआधी करायची. त्यासाठी लागणारी बरीचशी साधनं तालुक्याच्या गॅरेजमध्येही मिळतात. कमी पडतो तो काय मोजायचं याचा अंदाज.

कॅमशाफ्टचं काम सोपं आहे: व्हॉल्व्ह ठरल्या वेळी, ठरल्या उंचीपर्यंत उघडायचा आणि ठरल्या वेळी बंद होऊ द्यायचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. विहिरीवरचं १५०० आरपीएमचं डिझेल इंजिन घ्या. त्यात कॅमशाफ्ट मिनिटाला ७५० वेळा फिरतो, म्हणजे एकच लोब तासात ४५,००० वेळा टॅपेट उचलतो. आठ तास पाणी दिलं तर ३,६०,००० वेळा. मोटारसायकल ६००० आरपीएमवर असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो.

लोबचा गोल भाग म्हणजे बेस सर्कल. टॅपेट त्यावर असतो तेव्हा व्हॉल्व्ह बंद असतो. तिथून चढ सुरू होतो, मग टोक, मग उतार. लोब आणि टॅपेट एकमेकांना टेकतात ती जागा दोऱ्याएवढी अरुंद असते, त्यामुळे स्प्रिंगचा भार फार थोड्या जागेवर पडतो. टोकाशी एका चौरस मिलिमीटरवर ६० ते १०० किलो दाब सहज येतो. मधली ऑइलची फिल्म एक मायक्रॉनहूनही पातळ असते. धातू पुरेसा कठीण नसेल, पृष्ठभाग खरबडीत असेल किंवा आकार जरा चुकला असेल, तर ही फिल्म फाटते आणि लोखंड लोखंडावर घासायला लागतं. एकदा घासण सुरू झाली की ती थांबत नाही. ओरखड्यांतून निघालेला चुरा पुढचे ओरखडे पाडतो.

धातूत काय चुकतं

आपल्याकडच्या गाड्यांत आणि ट्रॅक्टरांत प्रामुख्याने दोन प्रकारचे शाफ्ट दिसतात. एक चिल्ड कास्ट आयर्नचा, दुसरा स्टीलचा.

चिल्ड कास्ट आयर्नमध्ये ओतकामाच्या वेळीच साच्यात लोबच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात. त्यांना चिल म्हणतात. वितळलेलं लोखंड या तुकड्यांना लागताच झपाट्याने थंड होतं आणि लोबचा बाहेरचा थर पांढरं, अतिशय कठीण लोखंड बनतो. आतला गाभा हळू थंड होऊन करडा आणि तुलनेने मऊ राहतो. उसाच्या कांड्यासारखी रचना: बाहेर टणक साल, आत गर. लोबची कठीणता साधारण ४५ ते ५२ एचआरसी (रॉकवेल मशीनवरचं कठीणतेचं माप) भरते आणि हा कठीण थर काही मिलिमीटर खोल असतो.

स्टीलच्या शाफ्टमध्ये कठीणपणा नंतर दिला जातो, इंडक्शन हार्डनिंगने (विजेच्या कॉइलने तापवून) किंवा केस हार्डनिंगने (बाहेरच्या थरात कार्बन मुरवून). केस हार्डन केलेला लोब ५८ ते ६२ एचआरसीपर्यंत जातो, पण तो थर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास.

आता खर्च वाचवायचा असला तर हात कुठे आखडता घेतला जातो ते बघा. चिल नीट बसवले नाहीत, किंवा तेच तुकडे झिजेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरले, तर एखाद्या लोबवर पांढरा थर पातळ येतो किंवा येतच नाही. बाकी सात लोब उत्तम आणि आठवा मऊ, असा शाफ्ट म्हणूनच निघतो. ट्रॅक्टरमध्ये एकाच सिलिंडरवर वारंवार टकटक होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. दुसरी गोष्ट ओतकाम वाकडं येण्याची. शाफ्ट वाकडा असेल तर सरळ करण्यासाठी ग्राइंडिंगमध्ये एका बाजूने जास्त धातू काढावा लागतो, आणि नेमक्या त्या बाजूची साल सोलली जाते.

तिसरा दोष ग्राइंडिंगचा, आणि आमच्या मते सगळ्यांत फसवा. काम लवकर उरकायला ग्राइंडिंग व्हील जोरात दाबलं, कूलंट कमी सोडलं किंवा व्हील वेळेवर ड्रेस केलं, म्हणजे खरवडून ताजं केलं नाही, तर लोबचा पृष्ठभाग क्षणभर लालबुंद होण्याइतका तापतो. मग हार्डनिंग उतरतं, किंवा तो भाग पुन्हा झटकन थंड होऊन ठिसूळ होतो आणि केसाएवढ्या बारीक भेगा पडतात. वरून पॉलिश केलं की लोब आरशासारखा चमकतो. चमक बघून शाफ्ट घेणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. उलट चांगल्या कंपन्यांचे कित्येक शाफ्ट काळपट, मॅट दिसतात, कारण त्यांच्यावर मँगनीज फॉस्फेटचा थर असतो. तो ऑइल धरून ठेवतो आणि सुरुवातीच्या घासणीत संरक्षण देतो. काळा रंग दिसला म्हणजे फॉस्फेटच, असंही मात्र समजू नका. थिनर लावलेल्या फडक्याने पुसून बघा. रंग उतरला तर ती नुसती रंगरंगोटी.

लोकल म्हणजे वाईट, हे समीकरण आम्हाला मान्य नाही. चिल्ड आयर्नचे कॅमशाफ्ट देशोदेशीच्या गाड्यांना पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी तुळजापूरहून तासाभराच्या अंतरावर, सोलापुरात आहे. १९९२ साली ती तिथेच सुरू झाली. माती, लोखंड, माणसं तीच. फरक पडतो तो प्रत्येक बॅचमधला शाफ्ट कापून थराची खोली बघितली जाते की नाही, आणि नापास बॅच वितळवली जाते की वेगळ्या डब्यात भरून विकली जाते, यात.

आकारात काय चुकतं

धातू चांगला असूनही माप चुकू शकतं. लिफ्ट कमी असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. रॉकरचं (टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या तरफेचं) गुणोत्तर दीडपट धरलं, तर लोबवर अर्धा मिलिमीटर कमी म्हणजे व्हॉल्व्हवर पाऊण मिलिमीटर कमी. इनटेकचा लोब असा असेल तर इंजिन हवा कमी घेतं, डिझेलमध्ये काळा धूर येतो आणि चढाला ट्रॉली ओढवत नाही. एक्झॉस्टचा असेल तर जळालेला वायू आत कोंडतो आणि हेड तापतं.

लोबचा शाफ्टवरचा कोन चुकला तर दोष आणखी लपून राहतो. कॅमशाफ्टवरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. शाफ्टचा व्यास २५ मिमी असेल तर त्याच्या परिघावर १ अंश म्हणजे फक्त ०.२२ मिमी. म्हणजे चावीची खाच किंवा डॉवेलचं (गिअर जागेवर धरणाऱ्या पिनेचं) भोक एवढंसं सरकलं तरी व्हॉल्व्हचं टायमिंग क्रँकवर २ अंशांनी हलतं. खुणा अगदी बरोबर जुळलेल्या असतात, टायमिंग गिअर किंवा चेनही बरोबर असते, तरी गाडीला पिकअप नसतो. मेकॅनिक कार्ब्युरेटर नाहीतर इंजेक्टर उघडत बसतो.

बेस सर्कल नीट गोल नसेल तर टॅपेटची गॅप कुठे धरावी हेच कळत नाही. शाफ्ट थोडा फिरवला की ती बदलते. मोटारसायकलमध्ये ही गॅप साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असते, त्यात ०.०३ मिमीचा फरक म्हणजे निम्मं माप गेलं.

सपाट टॅपेटच्या इंजिनांत, म्हणजे पुशरॉडवाल्या (टॅपेटपासून रॉकरपर्यंत दांडी असलेल्या) बऱ्याच ट्रॅक्टर आणि पंप इंजिनांत, आणखी एक बारकावा असतो. लोब वरून सपाट वाटला तरी बहुधा तो रुंदीत किंचित उतरता घासलेला असतो, मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशाइतका. टॅपेटचा तळ नावाला सपाट, प्रत्यक्षात किंचित फुगीर. शिवाय टॅपेटचा मध्य लोबच्या मध्यापासून थोडा बाजूला. या तिन्हींमुळे टॅपेट वरखाली होता होता स्वतःभोवती हळूहळू फिरतो आणि झीज एका जागी साचत नाही. स्वस्त शाफ्टवर लोब सरळ घासलेला असला तर टॅपेट फिरत नाही. मग लोब टॅपेटच्या तळावर एकच रेघ ओढत राहतो आणि काही तासांत दोन्ही जातात.

म्हणूनच नवीन शाफ्टखाली जुने टॅपेट घालायचे नाहीत. जुन्या टॅपेटचा फुगीरपणा झिजून गेलेला असतो, कधी तर मध्यभागी खड्डा असतो. टॅपेटच्या तळावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. कडांना बारीक फट दिसली तर तळ फुगीर आहे, ठीक. मधून उजेड आला तर तो भंगार. शाफ्टवर खर्च करून टॅपेटचे पैसे वाचवणारे फार आहेत, आणि ‘शाफ्ट खराब निघाला’ या तक्रारींमागे हेच कारण पुष्कळदा असतं. उलट, जुनाच शाफ्ट पुन्हा बसवत असाल तर प्रत्येक टॅपेट त्याच्याच जागी गेला पाहिजे. काढताना पुठ्ठ्यावर क्रमाने लावून नंबर टाका.

काउंटरवर

दुकानात पाच तऱ्हेचा माल भेटतो. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. त्याच कंपनीला शाफ्ट पुरवणाऱ्याने स्वतःच्या नावाने विकलेला, जो आमच्या मते पैशाच्या मानाने सगळ्यांत चांगला सौदा. इतर नावाजलेल्या ब्रँडचा. साध्या पिशवीत तेलकट कागदात गुंडाळलेला, ज्यावर कुणाचंच नाव नाही. आणि पाचवा, जुना शाफ्ट वेल्डिंगने भरून किंवा नुसता घासून नवा म्हणून दिलेला. पहिल्या तिन्हींचे नकली डबेही निघतात, म्हणून डबा बघून समाधान मानू नका.

पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही गाळलं असेल तर तो नग परत द्या. डब्यावरचा पार्ट नंबर आणि शाफ्टवर ओतलेली किंवा कोरलेली खूण मॅन्युअलशी ताडून बघा. बीएस-४ आणि बीएस-६ च्या गाड्यांत शाफ्ट वरून अगदी सारखा दिसतो, बसतोही, पण नंबर वेगळा असला तर प्रोफाइल (लोबचा आकार) किंवा डिकॉम्प्रेशनची (सुरू करताना सिलिंडरमधला दाब कमी करण्याची) रचना वेगळी असू शकते. दुकानदाराने ‘चालतो, सगळ्यात चालतो’ म्हटलं तर नंबर मागा.

घासून विकलेला शाफ्ट ओळखायचा तर बेस सर्कल बघा. लिफ्ट कायम ठेवून लोब पुन्हा घासायचा तर सगळीकडून धातू काढावा लागतो. चौफेर ०.५ मिमी काढला की बेस सर्कलचा व्यास १ मिमीने कमी होतो, आणि केस हार्डन शाफ्टचा निम्मा कठीण थर तिथेच संपतो. वेल्डिंगने भरलेल्या लोबच्या कडेला बारकाईने बघितलं तर धातूच्या रंगात फरक किंवा टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात.

टेबलावरची तपासणी

लागणारी साधनं: ०.०१ मिमीचा डायल गेज (काट्यावर बारीक हालचाल दाखवणारं माप) मॅग्नेटिक स्टँडसह, २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर, दोन व्ही-ब्लॉक (शाफ्ट टेकवायचे, वर V आकाराची खाच असलेले ठोकळे), सपाट प्लेट आणि एक नवी बारीक कानस. सरफेस प्लेट नसेल तर जाड काचेवरही कामापुरतं जमतं. शाफ्ट रॉकेलने धुऊन, पुसून, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली पडलेला शाफ्ट तसाच मोजला तर माप चुकेल.

आधी शाफ्ट दोरीने लटकवून लहान पान्याने हलकेच वाजवा. ओतीव शाफ्टचा आवाज खणखणीत आणि थोडा लांबणारा यायला हवा. बद्द आवाज आला तर भेगेचा संशय घ्या. खात्रीसाठी डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे मिळतात. स्वच्छ करून लाल रंग मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसून पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ग्राइंडिंगच्या भेगा बहुधा टोकाजवळ, आडव्या आणि एकमेकींना समांतर असतात.

मग दोन्ही टोकांचे जर्नल, म्हणजे बुशमध्ये फिरणारे शाफ्टचे गोल भाग, व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल टेकवा आणि शाफ्ट सावकाश एक पूर्ण फेरी फिरवा. काटा एकूण ०.०३ मिमीपर्यंत हलला तर बहुतेक इंजिनांना चालतं. ०.०५ च्या वर गेला तर आम्ही तो शाफ्ट घेणार नाही. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. वाकडा चिल्ड शाफ्ट प्रेसवर सरळ करून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. तो स्टीलसारखा वाकत नाही, आतून तडकतो.

तोच डायल आता प्रत्येक लोबच्या बेस सर्कलवर लावा. गोल भागावर काटा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. ०.०२ ते ०.०३ मिमीच्या पलीकडे हलत असेल तर गॅप कधीच धड बसणार नाही.

लिफ्ट काढायला मायक्रोमीटरने लोबची टोकापासून तळापर्यंतची उंची घ्या, आणि त्याला काटकोनात बेस सर्कलचा व्यास. उंची ३३.२० आणि व्यास २७.८० आला तर लिफ्ट ५.४० मिमी. सगळे इनटेक एकमेकांशी आणि सगळे एक्झॉस्ट एकमेकांशी ताडून बघा. चार सिलिंडरच्या शाफ्टवर चारही इनटेकची मापं ०.०५ मिमीच्या आत यायला हवीत. ती दहा-वीस शतांशांनी वरखाली होत असतील तर बनवणाऱ्याच्या मशीनवरच नियंत्रण नाही असं समजा. मॅन्युअल हाताशी नसेल तर जुन्या शाफ्टवर लोबच्या अगदी कडेची उंची मोजा. तिथे टॅपेट पोचत नाही, म्हणून मूळ माप बरंचसं शिल्लक असतं.

जर्नलचा व्यास आणि ज्यात तो फिरतो त्या बुशचा किंवा हेडमधल्या भोकाचा आतला व्यास, यांतला फरक साधारण ०.०३ ते ०.१० मिमी असतो. शाफ्टचे जर्नल बारीक निघाले तर ऑइल तिथूनच निसटतं आणि गरम इंजिनात प्रेशर पडतं.

कठीणता बघायची साधी पद्धत कानशीची. लोबच्या कडेला, जिथे टॅपेट लागत नाही तिथे, बारीक कानस हलक्या हाताने एकदा ओढा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. धातू कापून पावडर निघाली तर शाफ्ट मऊ आहे. ही चाचणी तो किती कठीण आहे ते सांगत नाही, फक्त अगदी मऊ माल पकडून देते. आकडाच हवा असेल तर रॉकवेल मशीनवर जावं लागतं. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आल्यापासून छत्रपती संभाजीनगरच्या एमआयडीसींत सुट्या भागांची आणि हीट ट्रीटमेंटची युनिट्स उभी राहिली आहेत. त्यांच्याकडे हे मशीन असतं. लातूर, नांदेडच्या बाजूला इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल विभागात विचारावं. रॉकवेलचा ठसा धातूत राहतो, म्हणून तो टोकावर मारू देऊ नका. लोबची बाजू थोडी घासून तिथे, टोकाच्या जवळ घ्यायला सांगा. हातात धरायचे उसळीवर चालणारे टेस्टर लहान वस्तूवर चुकीचा आकडा देतात, त्यांच्यावर निर्णय घेऊ नका.

एकाच ब्रँडचे दहा-वीस शाफ्ट एकदम घेणाऱ्या गॅरेजला किंवा दुकानदाराला आमचा आग्रह आहे की लॉटमधला एक शाफ्ट बळी द्या. कटिंग व्हीलने, पाणी सोडत, दोन-तीन लोब आडवे कापा, कापलेली बाजू ८०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा आणि उजेडात तिरपी धरून बघा. चिल्ड आयर्न असेल तर कडेची पांढरट पट्टी आणि आतला करडा गाभा साध्या डोळ्यांना वेगळे दिसतात. टोकाशी पट्टी भरघोस असावी आणि प्रत्येक लोबवर सारखी. ती एका बाजूला जाड आणि दुसरीकडे नाहीशी झालेली दिसली तर अख्खा लॉट परत. तुटलेला जुना शाफ्ट हाती आला तरी तुटीची बाजू अशीच वाचता येते.

बसवताना

चिल्ड शाफ्ट ठिसूळ असतो. हातातून पडला तर तो पुन्हा वाजवून आणि डाय मारून बघितल्याशिवाय घालू नका. बुशमधून सरकवताना लोब आपटू देऊ नये, आणि हातोडी तर अजिबात नको. अडत असेल तर का अडतोय ते शोधा.

आधीचा शाफ्ट झिजून गेला असेल तर ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रश फिरवा, हवा मारा. खालचं ऑइल चेंबर आणि ऑइल पंपची जाळी धुवा. जुना चुरा आत राहिला तर कितीही चांगला शाफ्ट टिकणार नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंगही तपासा. बाजारातल्या जास्त कडक स्प्रिंगने लोबवरचा भार वाढतो, आणि स्प्रिंग पूर्ण दबल्यावर वेटोळी एकमेकांना टेकत असतील तर लोबच काय, पुशरॉडही वाकतो.

लोबवर आणि टॅपेटच्या तळावर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. नुसतं ऑइल निथळून जातं. जर्नलला मात्र ऑइलच. मोटारसायकलमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिथे पेस्ट अगदी पुसट, नाहीतर क्लच घसरेल. शाफ्टचा पुढेमागे होणारा खेळ डायलने बघा, खुणा जुळवा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहा. कुठे अडलं तर जोर करू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल.

सुरू करण्याआधी ऑइल वर पोचवायचं. डिझेल इंजिनात स्टॉप ओढून ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारायचा, मध्ये थांबायचं, प्रेशर दिसेपर्यंत. मोटारसायकलमध्ये हेडमधल्या कॅमखालच्या खळग्यात ऑइल ओतायचं आणि इग्निशन बंद ठेवून किक मारायच्या.

पहिली वीस मिनिटं

सपाट टॅपेटचं इंजिन नवीन शाफ्टवर सुरू केल्यावर ते मंद चालू ठेवून चहाला जाणं, ही सगळ्यांत महागात पडणारी सवय. मंद गतीत स्प्रिंगचा पुरा भार टोकावर येतो. वेग वाढला की टोकावरून जाताना टॅपेट आणि पुशरॉडच्या जडत्वामुळे तो भार थोडा हलका होतो, ऑइलची फिल्मही जाड बनते, आणि क्रँकवरून उडणारं ऑइल लोबवर भरपूर पडतं. म्हणून पहिली २० मिनिटं इंजिन १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान, थोडं वरखाली करत चालवायचं. सुरू होताच प्रेशर आलं नाही तर लगेच बंद. वीस मिनिटांनंतर रॉकर कव्हर उघडून, इंजिन मंद चालू असताना पुशरॉडवर खुणेचा ठिपका ठेवून बघा. बऱ्याच इंजिनांत टॅपेटबरोबर पुशरॉडही सावकाश फिरताना दिसतो. एक ठिपका जागचा हलत नसेल तर त्या लोबवर नजर ठेवा, शक्य असेल तर तिथेच थांबून टॅपेट काढून बघा.

दहा-वीस तासांनी टॅपेट एकदा सेट करावे लागतात, त्यात काळजीचं काही नाही. पण तीच गॅप दुसऱ्यांदा वाढलेली सापडली तर ती नुसती सेट करू नका. रॉकरजवळ डायल लावून त्या व्हॉल्व्हची लिफ्ट मोजा आणि शेजारच्याशी ताडून बघा. ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून कागद उलगडा, चुंबक फिरवा. करड्या रंगाची थोडी पिठासारखी भुकटी चालते. चमचमणारे कण किंवा खपल्या दिसल्या तर इंजिन पुढे चालवू नका.

शाफ्ट निर्दोष असतानाही तो खाणाऱ्या गोष्टी आपल्या भागात कमी नाहीत. काळ्या रानातली बारीक धूळ एअर क्लीनर चुकवून आत गेली की ऑइलचं पॉलिश पेस्ट होतं. सोयाबीन मळणीच्या दिवसांत ऑइल-बाथ एअर क्लीनरची वाटी रोज बघितली पाहिजे. इंजेक्टर गळत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ होतं. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली की हाच संशय. आणि सुटं, बॅरलमधलं ऑइल. लोबला वाचवणारं झिंकचं ॲडिटिव्ह त्यात आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. सीलबंद डब्यातलं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल घाला.

इतकं करूनही शाफ्ट गेला, तर काढताना पुरावा जपा. प्रत्येक टॅपेट नंबर टाकून ठेवा. एकच लोब गेला आणि बाकी स्वच्छ असतील तर संशय त्या लोबच्या धातूवर किंवा त्याच्या टॅपेटवर. सगळेच सारखे झिजले असतील तर आधी ऑइल आणि धूळ तपासा. बसवण्याआधी घेतलेल्या मापांचा कागद, डबा, पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल आणि कापलेला फिल्टर एकत्र ठेवा. दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. ट्रॅक्टर किंवा ॲपे व्यवसायासाठी आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं सांगितलं गेलं तर ऐकून परत फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजली जात नाही.